आठ पाकळ्यांचं फूल कुणाचं? दोनरंगी हातमोजे विणणाऱ्यांसाठी

प्रश्न आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी जानेवारीत पहाटे सहाला स्कूटीवरून क्लासला जाते. तिच्यासाठी त्यांना नॉर्वेकडचे असतात तसे काळे-पांढरे, आठ पाकळ्यांच्या फुलाचे हातमोजे विणायचे आहेत. स्वेटर त्या वर्षानुवर्षं दोन सुयांवर विणतात, पण रंगीत नमुना घालून एक हातमोजा केला तर हात आतच जाईना. कोणत्या प्रदेशाचा नमुना घ्यावा, आपल्याकडे असं काही आहे का, आणि बाड्याच्या बाजारात मिळणाऱ्या लोकरीत हे जमेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे मुलगी स्कूटी चालवणार असेल तर पाच बोटांचेच हातमोजे विणा. परदेशी नमुन्यांत बरेचसे हातमोजे अंगठा वेगळा आणि चारही बोटं एका पिशवीत, असे असतात. ते विणायला सोपे असतात, ऊबही जास्त देतात, कारण बोटं एकमेकांना चिकटून राहतात. पण त्यांत ब्रेक नीट दाबता येत नाही. म्हणून चित्र आवडलं की लगेच टाके घालायला बसू नका. तो नमुना पिशवीसाठी काढलाय की बोटांसाठी, हे आधी बघा. पिशवीवर फूल थेट टोकापर्यंत वाढवता येतं. बोटांच्या हातमोज्यात मात्र बोटं सुटायच्या आत, म्हणजे मनगटापासून जेमतेम नऊ-दहा सेंटीमीटरमध्ये, सगळी नक्षी संपवावी लागते.

आता त्या फुलाबद्दल. नॉर्वेत सेल्बू नावाचं गाव आहे, तिथल्या हातमोज्यांमुळे ते ‘सेल्बूचं गुलाब’ म्हणून जगभर ओळखलं जातं. पण तेच आठ टोकांचं चिन्ह लात्वियात पहाटेची चांदणी म्हणून येतं, एस्टोनियात येतं, शेटलंड बेटांवर येतं, तुर्की मोज्यांवर येतं आणि आपल्या हिमाचलातल्या लाहौलच्या मोज्यांवरही येतं. कुणी कुणाचं उचललं यावर हौशी लोक खूप भांडतात. थोडी देवाणघेवाण झालीच असेल, पण खरं कारण टाक्यात आहे. विणकामात टाके उभ्या-आडव्या ओळीत बसतात. अशा चौकटीत सरळ रेघ येते आणि तिरकी रेघ यायची तर दर ओळीला एक टाका सरकत येते. चार दिशा सरळ, चार तिरक्या, म्हणजे आठ. सहा पाकळ्यांचं फूल या चौकटीत बसवायला जा, कितीही जपलं तरी ते एका अंगाला कलतं किंवा चेपल्यासारखं दिसतं. जिथे जिथे माणसं दोन रंगांत विणायला लागली, तिथे तिथे आज ना उद्या हे फूल निघणारच होतं.

म्हणून हातमोजा कुठला आहे हे फुलावरून ओळखायला जाऊ नका, फुलाभोवती काय आहे ते बघा. साडी आपण काठापदरावरून ओळखतो ना, तसंच. मनगटाची पट्टी, बाजूची किनार, तळहातावरची बारीक नक्षी, अंगठ्याच्या बुडाशी काय घातलंय आणि बोटांवर काय चढवलंय, हे बघितलं की गाव कळतं. नमुना निवडतानाही फुलापेक्षा याच गोष्टींवर जास्त वेळ घालवावा असं माझं ठाम मत आहे.

सेल्बूचा हातमोजा बघा. १८५७ साली तिथल्या मारित एमस्टाड नावाच्या तरुण मुलीने दोन रंगांत फूल घालून हातमोजे विणले आणि ते चर्चला जाताना लोकांनी पाहिले, तिथून गावात ही पद्धत पसरली, असं तिकडे सांगतात. पाठीच्या बाजूला मोठं फूल, दोन्ही कडांना उभ्या रेघांची किनार आणि तळहातावर छोटी, सतत दोन्ही रंग वापरणारी नक्षी असते. अंगठ्यालाही त्याची स्वतंत्र नक्षी असते. पुरुषांच्या आणि बायकांच्या मनगटाच्या पट्ट्या वेगळ्या असतात. लग्नात वऱ्हाडाला हातमोजे द्यायची पद्धत होती, त्यामुळे घरोघरी नमुन्यांची चढाओढ चाले. रंग मात्र दोनच, गडद आणि फिका. म्हणून पहिल्यांदा हात घालणाऱ्याला सेल्बू बरं पडतं.

स्कॉटलंडच्या दक्षिणेला डम्फ्रीसशायर भागात सँकर नावाचं छोटं गाव आहे. तिथले हातमोजे म्हणजे माझ्या मते बोटांच्या हातमोज्याचं सगळ्यात पक्कं गणित. सगळा हात चौकटींनी भरलेला असतो. ‘ड्यूक’ नावाच्या नमुन्यात साधारण अकरा टाक्यांचे चौरस असतात, एक गडद अंगावर आणि एक फिक्या अंगावर, मध्ये रेघा. हे चौरस असे मांडलेले असतात की बोट सुटतं तिथे बरोबर चौरसाची सीमा येते आणि नक्षी न तुटता बोटावर चढते. बोटांच्या बेचक्यात छोट्या त्रिकोणी कळ्या घातलेल्या असतात, त्यामुळे तिथे ताण पडून भोक होत नाही. आणि मनगटावर मालकाची अक्षरं विणलेली असतात.

सँकरची एक गोष्ट आपल्या बायकांना पटायला वेळ लागतो. स्वेटर मोठा हवा तर आपण टाके वाढवतो. इथे टाके वाढवले की चौरस मोडतो, चौरस मोडला की बोटांचा हिशोब मोडतो. म्हणून टाके तेवढेच ठेवायचे आणि सुई बदलायची. लहान हाताला बारीक सुई, मोठ्या हाताला एक नंबर जाड, अगदीच फरक असेल तर लोकर बदलायची. पारंपरिक नमुन्यांत बहुतेक ठिकाणी हाच नियम लागतो, आणि तुमचा हातमोजा अडकला त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

लात्वियाचं काम बघायला डोळे लागतात. एका हातमोज्यात चार-पाच रंग, मनगटाला झालर किंवा कंगोरे, आणि चिन्हांना नावं आहेत. धान्याच्या दोन कणसांचं जोडचिन्ह म्हणजे युमिस, ते समृद्धीचं. सूर्याचं वेगळं, नागाचं वेगळं. मुलगी लहानपणापासून रुखवताच्या पेटीत हातमोजे साठवायची. लग्नात ते नातेवाइकांना वाटायची आणि नव्या घरात चुलीपाशी, गोठ्यात वगैरे ठेवायची. २००६ मध्ये रिगाला नाटोची शिखर परिषद झाली, तेव्हा पाहुण्यांना द्यायला साडेचार हजार जोड हाताने विणून घेतले होते. पण ताई, हे पहिल्या जोडीला घेऊ नका. सुया फार बारीक, रंग सारखे बदलायचे, आणि बहुतेक नमुने पिशवीच्या हातमोज्यांचे आहेत. एस्टोनियाच्या मुहू आणि किह्नू बेटांच्या कामाबद्दलही तेच. मुहूचे गुलाबी-केशरी रंग पाहून कुणालाही मोह होईल, पण तो मोह तिसऱ्या-चौथ्या जोडीपर्यंत आवरा.

शेटलंडच्या फेअर आयल बेटाचं काम स्वेटरांमुळे जास्त प्रसिद्ध झालं. इंग्लंडच्या युवराजाने १९२०च्या दशकात गोल्फ खेळताना तसा स्वेटर घातला आणि फॅशन आली. त्यातून घ्यायचा धडा एकच: एकूण रंग कितीही असोत, एका फेरीत दोनच. एका रंगाने विणताना दुसऱ्या रंगाचा धागा मागून, आतल्या बाजूने मोकळा जातो. तिसरा रंग त्याच फेरीत आला की मागे धाग्यांचं जाळं होतं आणि आत बोटच घालता येत नाही.

आपल्याकडे काय, तर हिमाचलात लाहौलचे मोजे आणि हातमोजे आहेत, आणि त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. झगझगीत रंग, आडव्या पट्ट्यांत मांडलेली चांदणीसारखी चिन्हं. लाहौलमधल्या केलाँगला १८५०च्या दशकात मोरावियन मिशन या ख्रिस्ती संस्थेची युरोपीय माणसं येऊन राहिली, त्यांच्या बायकांनी तिथल्या मुलींना विणकाम शिकवलं. पुढे तिथल्या बायकांनी रंग आपले घातले, मांडणी आपली केली, आणि आज ते काम पाहून कुणी युरोपचं म्हणणार नाही. फूल आलं कुठून यापेक्षा त्याच्याभोवती काय केलं हे महत्त्वाचं, असं मी वर म्हटलं ते यासाठी. मनालीला कुणी गेलं तर एक जोड मागवून घ्या आणि उलटा करून बघा. आतली बाजू बघितल्याशिवाय दोनरंगी काम समजत नाही.

मग तुम्ही घ्या काय? पहिल्या जोडीला सेल्बूची मांडणी: पाठीवर फूल, कडेला किनार, तळहात आणि बोटं एकआड एक टाक्यांची. दुसरी जोड सँकर. लाहौलच्या पट्ट्या मनगटाला कुठेही जोडता येतात.

लोकरीचं बोलू. बाड्याच्या आसपासच्या दुकानांत जे गोळे ढिगाने मिळतात ते बहुतेक कॅशमिलॉन, म्हणजे अ‍ॅक्रिलिक. दुकानदार ‘प्योर वुल’ म्हणेल, तुम्ही वीतभर धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळून बघा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. दोनरंगी कामाला खरी लोकर का हवी? तिच्या तंतूंना खवले असतात, त्यामुळे मागचे धागे एकमेकांना धरून बसतात आणि धुतल्यावर टाके सारखे होतात. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत, जसा ओढाल तसा ताण कायम राहतो. ओलं करून ते फारसं सुधारत नाही आणि वाफेची इस्त्री दिली तर मऊ पडून लोळागोळा होतं. तरीही सरावासाठी पहिला हातमोजा अ‍ॅक्रिलिकमध्ये करायला माझी ना नाही. स्वस्त पडतं आणि उसवायला जीव तुटत नाही. एका जोडीला दोन्ही रंगांची पन्नास-पन्नास ग्रॅम लोकर पुरून उरते. बारीक घ्या, स्वेटरची जाड लोकर बोटांना चालणार नाही. लाल किंवा निळा पांढऱ्याबरोबर घेणार असाल तर आधी रंगाचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडात दाबून ठेवा. डाग पडला तर तो रंग परत करा. विणून झाल्यावर तो पांढऱ्यात उतरला तर काही इलाज नाही.

सुयांच्या नंबरात बऱ्याच जणी फसतात. आपल्याकडचे नंबर जुन्या इंग्लंडच्या पद्धतीचे आहेत, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकन नमुन्यात उलट, नंबर मोठा तशी सुई जाड. अमेरिकन १ नंबर म्हणजे सव्वादोन मिलिमीटर, म्हणजे आपली १३ नंबर. त्यांची २ म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, आपली १२. म्हणून नमुन्यात मिलिमीटर दिलेले असतील तर तेच धरा. तुम्हाला १३ नंबरची मोज्याची सुई लागेल, दोन्हीकडून टोकदार. मोज्याच्या सुयांचा संच मागितला की दुकानदाराला कळतं. चार मिळतात, पाच मिळाल्या तर उत्तम. पूर्वी सायकलच्या स्पोकची टोकं घासून अशा सुया घरीच करायचे, तो स्पोक साधारण दोन मिलिमीटरचा, म्हणजे आपली १४ नंबर झाली.

दोन सुयांवर करू का, असंही मनात येईल. करू नका. दोन सुयांवर एक ओळ सुलट आणि एक उलट येते, आणि उलट ओळीत दोन रंग सांभाळताना नमुना दिसत नाही, ताण बिघडतो, वर शिवण येते ती बोटात टोचते. गोल विणलं की कायम सुलट, नमुना कायम समोर. मोजे विणले असतील तर यात नवीन काही नाही.

आता हिशोब. १३ नंबरच्या सुईवर बारीक लोकरीचे दहा सेंटीमीटरमध्ये साधारण ३२ टाके आणि ३६ फेऱ्या येतात. वीस सेंटीमीटर घेराच्या हाताला ६४ टाके झाले. मागे ३१ आणि तळहाताला ३३ असे वाटून घ्या. मागच्या ३१ मध्ये मधले २५ फुलाचे, दोन्ही बाजूंना तीन-तीन किनारीचे, फिका-गडद-फिका. तळहाताचे ३३ एक गडद, एक फिका, असे गडदपासून सुरू करून गडदवरच संपवा. पुढच्या फेरीत रंग उलटे. विषम टाके मुद्दाम ठेवलेत, त्यामुळे फुलाला मधला टाका मिळतो आणि तळहाताच्या दोन्ही कडा सारख्या दिसतात. २५ फेऱ्यांचं फूल सात सेंटीमीटरच्या आसपास होतं, म्हणजे त्याच्या खाली-वर थोडी जागा उरते. तिथे बारीक ठिपके भरा, रिकामी ठेवू नका, कारण जिथे एकच रंग आहे तिथे हातमोजा एकपदरी आहे. दोनरंगी कामाची ऊब मागून जाणाऱ्या धाग्यामुळेच असते.

क्रॉस-स्टिचचा ग्राफ तसाच उचलू नका. तिथे चौकोन खरोखर चौकोन असतो. विणलेला टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, त्यामुळे गोल फूल बसकं होतं. दोनरंगी गोल कामात हा फरक कमी होतो, तरी राहतोच. आणि विणण्याआधी सरावाचा तुकडा गोल विणूनच मापा. सपाट तुकड्याचं माप गोल कामाला लागू पडत नाही.

तुमचा हात आत गेला नाही, त्याचं उरलेलं निम्मं उत्तर मागच्या धाग्यात आहे. रंग बदलताना मागचा धागा आखडता ओढला जातो. प्रत्येक वेळी केसभरच, पण ६४ टाक्यांत तो हातमोजा एक माप लहान करतो. शिवाय हे काम मुळातच ताणत नाही, साध्या सुलट विणीसारखं हाताबरोबर पसरत नाही. उपाय असा. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके बोटाने सरकवून मोकळे पसरवा, मग नवा रंग घ्या. मागचा धागा तेवढ्या अंतरावर आरामात पडला पाहिजे, लोंबताही नको. दुसरा उपाय जास्त खात्रीचा: हातमोजा उलटा करून, म्हणजे आतली बाजू बाहेर ठेवून विणा. नमुना आतल्या पोकळीकडून दिसतो, पण मागचे धागे बाहेरच्या मोठ्या घेरावरून जातात, ते आखडूच शकत नाहीत. कोपऱ्यांवर, जिथे एक सुई संपून दुसरी सुरू होते, तिथे हा फायदा सगळ्यात जास्त होतो. बोटांना तर मी हेच करायला सांगते.

मागचा धागा किती टाके मोकळा सोडायचा? स्वेटरला पाच चालतात. हातमोज्यात तीन, फार तर चार. त्याहून लांब जात असेल तर मध्ये एकदा दुसऱ्या रंगाशी पिळून अडकवा, नाहीतर हात घालताना बोटं, अंगठ्या, नखं सगळं त्यात अडकतं. आणि अडकवताना दर फेरीला त्याच टाक्याखाली अडकवू नका, पुढून ती उभी रेघ दिसते.

आणखी एक बारकावा. दोन धाग्यांपैकी जो खालून येतो, तो पुढच्या बाजूला किंचित उठून दिसतो. नक्षीचा रंग खालून येऊ द्या, जमिनीचा, म्हणजे नक्षीभोवतालचा, वरून. दोन्ही हातांत एकेक रंग धरत असाल तर नक्षीचा डाव्या हातात. एका हातमोज्यात असं आणि दुसऱ्यात तसं झालं तर फूल एकीकडे ठसठशीत आणि दुसरीकडे पुसट दिसतं. नमुना टाक्याटाक्याने बरोबर असतो, तरी काहीतरी चुकतंय एवढं प्रत्येकाला जाणवतं. म्हणून एका कागदावर लिहून सुयांच्या पिशवीत ठेवा: गडद डावीकडे.

अंगठ्यासाठी मनगटाच्या पट्टीपासून दोनेक सेंटीमीटर वर, तळहाताच्या तर्जनीकडच्या कडेला टाके वाढवायला सुरुवात करा. दर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला दोन टाके, सतरा-एकोणीस होईपर्यंत. मग ते सेफ्टी पिनेवर काढून ठेवा. फूल दोन्ही बाजूंनी सारखं असल्यामुळे मागची बाजू दोन्ही हातांना तीच राहते, अंगठा मात्र उलट कडेला जातो. दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे निघाल्याच्या तक्रारी माझ्याकडे दर हिवाळ्यात येतात. कागदावर दोन हात ठेवून बाह्यरेघ काढा, अंगठा कुठे ते खुणा करा आणि मगच दुसऱ्याला सुरुवात करा.

बोटांत करंगळी आधी सोडायची, कारण ती हातावर इतर बोटांपेक्षा खाली सुटते. तुमचा हात समोर धरून बघा, लगेच दिसेल. करंगळीचे टाके पिनेवर काढले की उरलेल्यांवर तीन-चार फेऱ्या विणून मग बाकीची बोटं वेगळी करायची. बेचक्यात प्रत्येक ठिकाणी दोन-तीन नवे टाके घाला आणि पुढच्या बोटाला तेच उचला. असं करून करंगळीला १८ आणि बाकीच्या बोटांना २० च्या आसपास येतात. संख्या सम ठेवा, नाहीतर एकआड एक जुळत नाही. टाके उचलताना कोपऱ्यात एक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत दोनाचा एक करा, भोक पडत नाही. बोटं विणून झाल्यावर टोकाचे टाके बंद न करता धाग्यात ओवून ओढून घ्यायचे.

एवढं करूनही स्कूटीवर वारा लागेलच, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. विणलेलं काहीही वारा पूर्ण अडवत नाही. पूल ओलांडताना कोहऱ्यातला, म्हणजे धुक्यातला वारा दुपदरी लोकरीतूनही आत येतो. आत पातळ, वारा न लागू देणारे हातमोजे घालायला सांगा, म्हणजे विणताना हाताच्या घेरात अर्धा सेंटीमीटर ढील ठेवा. दुसरं म्हणजे पकड. लोकर हँडलवर सरकते, अ‍ॅक्रिलिक त्याहून जास्त. तळहातावर आणि ब्रेक दाबणाऱ्या दोन बोटांच्या आतल्या बाजूला मऊ चामड्याचे तुकडे बारीक टाक्यांनी शिवा. तळहाताची नक्षी झाकली जाईल, जाऊ दे. रस्त्यावर चालवायचं आहे.

पुढच्या जोडीला आपल्या गावचं काही घालता येईल का, तर जरूर. किल्ल्यावर मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांत बदकांची रांग आहे, मानसिंह तोमराच्या काळची, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीची. निळ्यावर पिवळी किंवा पिवळ्यावर निळी, सोळा टाक्यांत एक बदक काढलं तर ६४ टाक्यांच्या मनगटावर बरोबर चार बसतात. चोच आणि शेपटी लहान ठेवा, पोट रुंद. पोटाच्या मागे लांब जाणारा धागा अडकवायला विसरू नका, किंवा पोटावर एक-दोन ठिपके जमिनीच्या रंगाचे टाका, दोन्ही कामं होतात. मोहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या जाळ्यांतही ग्राफवर उतरवण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त षटकोनांच्या जाळ्या सोडून द्या आणि चौकोन, अष्टकोनांच्या घ्या, कारण मघाशी सांगितलेलंच, चौकटीत सहा बसत नाही.

आणि सँकरवाल्यांसारखी मुलीच्या नावाची आद्याक्षरं मनगटावर घालायची असतील तर देवनागरीतच घाला, छान बसतात. शिरोरेघेमुळे अक्षर वर बांधलेलं राहतं. पण शिरोरेघ म्हणजे एका रंगाचे सलग सात-आठ टाके, तेव्हा दुसरा धागा मागे अडकवावाच लागतो. साधं अक्षर नऊ फेऱ्यांत मावतं, वेलांटी किंवा मात्रा असेल तर बारा-तेरा धरा. गोल विणताना ग्राफची प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची असते. फूल दोन्ही बाजूंनी सारखं, त्यामुळे तिथे उलटं वाचलं तरी कुणाला कळत नाही. अक्षर मात्र आरशातलं येतं. मनगटापासून बोटांकडे विणताय, म्हणजे हँडलवर हात ठेवल्यावर मुलीला तिचं अक्षर सरळ दिसेल. समोरच्याला सरळ दिसायला हवं असेल तर ग्राफचा कागद पूर्ण फिरवून घ्या आणि मग उजवीकडून वाचायला लागा.